अर्ज कोणत्या दारी द्यावा?

संघराज्याची घडण आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंब

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात तिचा प्रत्यय पावलोपावली येतो. गावातील मराठी शाळेचा वर्ग बंद होऊ घातला, की आपण मुंबईला मुख्यमंत्र्यांच्या नावे निवेदन धाडतो. पासपोर्ट अडला, की आमदाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. गल्लीतील नळाला पाणी आले नाही, म्हणजे खासदाराच्या नावाने बोटे मोडतो. 'सरकार काही करीत नाही' असे म्हणून आपण उसासा टाकतो. परंतु कोणते सरकार, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी माणसाचे या अज्ञानाने फारसे बिघडत नाही. त्याच्या भाषेची काळजी वाहणारे राज्य त्याच्या दाराशीच उभे आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. आपल्या राज्याची भाषा एक, घरची भाषा दुसरी आणि देशाची राजधानी तिसरीकडे. या तिन्हींचा मेळ ज्या कागदाने घातला, ती आपली राज्यघटना. तिच्यात कोणाला काय दिले आहे आणि कोणाकडून काय मागता येते, हे आपल्यासारख्यांनी तरी नीट जाणून घेतले पाहिजे.

घर एक, राज्ये अनेक

आधी एक साधा हिशेब मांडून पाहू. १९४० साली हैदराबादेत जन्मलेली एखादी मराठी मुलगी निजामाच्या राज्यात जन्मली. १९४८ च्या सप्टेंबरात ते संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले : मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे राज्य झाले. या मुलीने आपल्या गल्लीबाहेर बिऱ्हाड हलवले नसले, तरी ती चार राजवटींची रहिवासी झाली.

बडोद्याचे तसेच. गायकवाडांचे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, ते पुढे विशाल द्वैभाषिकात राहिले आणि १ मे १९६० पासून गुजरातेत आहे. ग्वाल्हेर आणि इंदूर ही शिंदे-होळकरांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात आली आणि १९५६ साली मध्य प्रदेशात. बेळगाव मुंबई राज्यातून १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, दीव-दमणसह केंद्रशासित प्रदेश म्हणून राहिला आणि ३० मे १९८७ रोजी घटक राज्य बनला.

भारतात आल्यानंतरच्या एवढ्या उलथापालथीत या कुटुंबांची एक गोष्ट मात्र बदलली नाही : त्यांचे नागरिकत्व. अमेरिकेतील नागरिक एकाच वेळी संघाचा आणि आपल्या राज्याचाही नागरिक असतो. आपल्याकडे नागरिकत्व एकच, भारताचे. बडोद्याचा मराठी मनुष्य गुजरातेत पाहुणा नसतो आणि सोलापूरचा तेलुगू विणकर महाराष्ट्रात उपरा नसतो, याचे मूळ या एकेरी नागरिकत्वात आहे.

'राज्यांचा संघ' म्हणजे काय?

घटनेचे पहिलेच कलम भारताला 'राज्यांचा संघ' म्हणते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी या शब्दयोजनेचे कारण स्पष्ट केले होते. आपला संघ राज्यांनी परस्परांत करार करून जन्माला घातलेला नाही आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. राज्ये ही कारभाराच्या सोयीसाठी. देश मात्र अखंड.

या तत्त्वाचा दुसरा पदर कलम ३ मध्ये आहे. नवे राज्य निर्माण करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे हे सारे संसद साध्या बहुमताने करू शकते. राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधानसभेचे मत मागवलेच पाहिजे. परंतु ते मत संसदेवर बंधनकारक नाही. १९५६ साली मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन विभाग होते. संसदेने चर्चेच्या ओघात त्यांचे एकच द्वैभाषिक राज्य करून टाकले. बदललेली योजना विधानसभेपुढे पुन्हा यायला हवी होती, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; न्यायालयाने तो मान्य केला नाही. तेलंगणाच्या वेळी तर आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी संसदेने ते मंजूर केले. राज्याच्या सीमा आखणारी लेखणी दिल्लीच्या हाती आहे, हे पहिले सूत्र येथे ध्यानात ठेवावे.

मग राज्यांना काहीच स्वत्व नाही काय? आहे, आणि तेही भक्कम. राज्याच्या सीमा संसद बदलू शकते. पण राज्य एकदा अस्तित्वात आले, की त्याच्या अधिकारांची यादी दिल्लीच्या मर्जीवर नसून घटनेवर अवलंबून असते. ती यादी बदलायची, तर घटनादुरुस्ती हवी, संसदेत विशेष बहुमत हवे आणि शिवाय निम्म्या राज्यांची संमती हवी.

तीन याद्यांचा संसार

ही वाटणी घटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. एकत्र कुटुंबात थोरल्याचे काम कोणते, धाकट्याचे कोणते आणि दोघांनी मिळून पाहावयाचे कोणते, हे ठरलेले असते. तसाच हा प्रकार. तीन याद्यांची ही कल्पना १९३५ च्या कायद्यातून आलेली आहे.

पहिली केंद्राची यादी. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, चलन, बँका, पासपोर्ट ही तिच्यातील ठळक खाती. दुसरी राज्यांची यादी. पोलीस, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य, दवाखाने, पाणी, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यांचे. तिसरी समवर्ती, म्हणजे दोघांनाही कायदा करण्याची मुभा असलेल्या विषयांची : फौजदारी कायदा, विवाह व दत्तक, वीज, वने, शिक्षण. घटना झाली तेव्हा या याद्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. तिन्हींत न बसणारा विषय आपोआप केंद्राकडे जातो.

समवर्ती विषयात दोघांचे कायदे परस्परविरोधी झाले, तर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. पण कलम २५४ मध्ये राज्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. राज्याने आपला कायदा राष्ट्रपतींकडे पाठवून त्यांची संमती मिळवली, तर त्या राज्यापुरता तोच चालतो. बैलगाडा शर्यतींचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी घालणारा १९६० चा कायदा केंद्राचा. त्यात तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी आपापल्या पुरत्या दुरुस्त्या केल्या, राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. देशाचा कायदा एक असूनही राज्याच्या चालीरीतींना त्यात जागा कशी मिळते, हे यावरून कळते.

दुसरेही एक ध्यानात घ्यावे. कायदा एकाचा आणि अंमल दुसऱ्याचा, असे आपल्याकडे सर्रास असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता संसदेने केली. पण तिच्याखाली गुन्हा नोंदवणारा फौजदार राज्याचा नोकर आहे. ठाण्यात तक्रार घेत नाहीत म्हणून खासदाराकडे धावणे, म्हणजे दळण एका गिरणीत देऊन पीठ दुसरीत मागणे होय.

पैशाची वाट

अधिकार कागदावर असून भागत नाही. हाती पैसा लागतो. आयकर, सीमाशुल्क यांसारखे मोठ्या उत्पन्नाचे कर केंद्र गोळा करते आणि दवाखाने, शाळा, पोलीस यांचा मोठा खर्च मात्र राज्यांच्या माथी असतो. ही तफावत भरून काढण्यासाठी कलम २८० अन्वये दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. पहिला आयोग १९५१ साली के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या विभाज्य करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना द्यावा, असे सुचवले. त्यात मध्य प्रदेशाचा हिस्सा ७.८५० टक्के होता आणि महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के. लोकसंख्येने मोठ्या महाराष्ट्राला कमी का, असे कोणी विचारील. आयोग केवळ माणसे मोजत नाही. ज्या राज्याचे दरडोई उत्पन्न कमी, त्याला तो झुकते माप देतो. पानात वाढताना घरातील अशक्त मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, तसेच हे.

एक खोच मात्र आहे. उपकर आणि अधिभार या नावांनी केंद्र जे वसूल करते, ते या विभाज्य रकमेत धरले जात नाही. म्हणून कराऐवजी उपकर वाढला, की राज्ये कुरकुर करतात, आणि तिला अर्थ असतो.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा केंद्राने आणि राज्यांनी आपापले अनेक कर एका भांड्यात ओतले. या कराची परिषद मोठ्या खुबीने रचलेली आहे. केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मते हवीत. म्हणजे केंद्र एकटे काही ठरवू शकत नाही आणि केंद्राला वगळून राज्येही ठरवू शकत नाहीत. पेट्रोल-डिझेलला मात्र हा कर लागू झालेला नाही. त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा विक्रीवरील कर असे दोन निरनिराळे कर बसतात. राज्याची हद्द ओलांडताच पंपावरचा भाव बदलतो, त्याचे कारण हेच.

एका शाळेत तीन सरकारे

संघराज्य प्रत्यक्ष चालते कसे, हे पाहण्यास दिल्लीला जावे लागत नाही. कोणत्याही सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाचे टेबल पाहावे. मी आयुष्याचा बराच काळ अशा टेबलामागे घालवला आहे, म्हणून हे उदाहरण घेतो.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, हा कायदा संसदेचा. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे नियम राज्याने केलेले असतात. शिक्षकाची नेमणूक, बदली आणि पगार राज्याकडून. दुपारच्या भोजनाचे धान्य केंद्राकडून, आणि शिजवण्याचा खर्च आपल्यासारख्या बहुतेक राज्यांत केंद्राने साठ टक्के व राज्याने चाळीस टक्के सोसायचा. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आल्यापासून पंचायती आणि नगरपालिका यांनाही घटनेत स्थान मिळाले. शाळेपुढचा रस्ता, गटार आणि पाण्याचा नळ पाहणारे हे तिसरे सरकार.

शिक्षण हा विषय मुळात राज्यांचा होता. ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीच्या काळात, १९७६ साली तो समवर्ती यादीत गेला. याचा अर्थ असा, की शाळेविषयीचे धोरण दिल्ली आखू शकते. पण वर्गात शिक्षक आहे की नाही, याचे उत्तर राज्यालाच द्यावे लागते. पालक रागावून येतात, तेव्हा त्यांच्या तक्रारीतील कोणता भाग कोणाकडे पाठवावयाचा, हे सांगणे हीच अर्धी मदत असते, असा माझा अनुभव आहे.

भांडणे मिटवण्याची जागा

एकत्र घरात भांडी वाजायचीच. केंद्र आणि राज्य, किंवा राज्य आणि राज्य यांच्यातील कायदेशीर तंटा कलम १३१ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. बेळगाव आणि सीमाभागासंबंधी महाराष्ट्र सरकारने २००४ साली दाखल केलेला दावा याच कलमाखालचा आहे. त्याच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु असा वाद रस्त्यावर सुटत नाही आणि त्याचे दार कोणते आहे, एवढे त्यावरून कळावे.

नद्यांच्या पाण्याची व्यवस्था निराळी. त्यासाठी लवाद असतात. नर्मदेचा लवाद १९६९ साली नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९७९ साली आला. २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा ठरला. इंदूरच्या मराठी घरात आज नर्मदेचे पाणी नळाने येते आणि बडोद्याच्या पलीकडे तीच नदी कालव्याने शेतात जाते, त्यामागे दहा वर्षांचा युक्तिवाद आहे.

राज्य सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट आणण्याचा कलम ३५६ चा अधिकार हा केंद्राच्या हातातील सर्वांत तीक्ष्ण शस्त्र होय. त्याचा वापर एके काळी फार सैल हाताने होत असे. १९८९ साली कर्नाटकात एस. आर. बोम्मई यांचे सरकार असेच बरखास्त झाले. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी सांगितले, की बहुमत आहे की नाही याची परीक्षा राजभवनात न होता विधानसभेच्या सभागृहात व्हावी, आणि राष्ट्रपती राजवटीच्या घोषणेची न्यायालय तपासणी करू शकते. त्या निर्णयानंतर हे शस्त्र पूर्वीइतक्या सहज म्यानाबाहेर निघेनासे झाले.

भाषेचा प्रश्न : आपला प्रश्न

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. राज्याची राजभाषा ठरवण्याचा अधिकार कलम ३४५ ने त्या त्या विधिमंडळाला दिला आहे. गोव्याने १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही मुभा ठेवली. मध्य प्रदेशाची हिंदी, गुजरातची गुजराती, कर्नाटकची कन्नड. यात गैर काहीच नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, तो केंद्रीय मंत्रिमंडळाने दिला. त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु त्या दर्जाने इंदूरच्या शाळेत मराठीचा शिक्षक येत नाही. तो दरवाजाच वेगळा आहे.

तो दरवाजा उघडला १९५६ साली. राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या आयोगाचे तिन्ही सदस्य, फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर, जाणून होते, की रेषा कोठेही ओढली तरी काही घरे रेषेच्या 'चुकीच्या' बाजूला राहणारच. म्हणून त्यांनी अशा भाषिक अल्पसंख्याकांना घटनेत संरक्षण द्यावे, असे सुचवले, आणि सातव्या घटनादुरुस्तीने दोन नवी कलमे आली. कलम ३५०-क सांगते, की भाषिक अल्पसंख्य गटातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्य आणि प्रत्येक स्थानिक संस्था करील, आणि राष्ट्रपती त्यासाठी राज्याला निर्देश देऊ शकतील. कलम ३५०-ख ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी निर्माण केला. हे आयुक्तपद १९५७ सालापासून आहे. त्याचा अहवाल राष्ट्रपतींना जातो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो.

यांखेरीज कलम २९ आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क देते आणि कलम ३० आपली शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा. अल्पसंख्य कोण, हे देशाच्या नव्हे तर राज्याच्या मापाने मोजायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात ठरवले. म्हणजे मराठी महाराष्ट्रात बहुसंख्य आणि गुजरातेत अल्पसंख्य. तर गुजराती मुंबईत अल्पसंख्य. अक्कलकोट आणि जत भागातील कन्नड शाळा ज्या कलमांच्या आधाराने उभ्या आहेत, त्याच कलमांच्या आधाराने बेळगावची मराठी शाळा उभी आहे. तेथील कन्नड शाळेला नीट शिक्षक मिळावा, असे आपण मनापासून म्हटले, तरच येथील मराठी शाळेसाठी उठवलेल्या आपल्या आवाजाला नैतिक बळ येईल.

आणखी एक कलम फारसे कोणाला ठाऊक नसते, ते ३५० वे. गाऱ्हाण्याचे निवेदन संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठीत लिहिलेले गाऱ्हाणे केवळ भाषेच्या कारणाने परत करता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र २००५ च्या कायद्यानुसार इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेतच करावा लागतो. हा फरक लक्षात न घेतल्याने अर्ज फुकट जातात.

तर मग दार कोणते?

समजा, आपल्या गावातील शाळेत मराठीचा वर्ग हवा आहे. तेव्हा मुंबईला निवेदन पाठवून उपयोग होत नाही. महाराष्ट्र सरकार आपल्या संस्थेला ग्रंथ देईल, अनुदान देईल, साहित्य संमेलनाला मदत करील. परंतु दुसऱ्या राज्यातील शाळेत एक शिक्षकही ते नेमू शकत नाही. खरे दार आपल्याच राज्याच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याचे, शाळा नगरपालिकेची असेल तर नगरपालिकेचे, आणि त्या वाटेवरचा आपला प्रतिनिधी म्हणजे नगरसेवक व आमदार. स्वतःच्या संस्थेला भाषिक अल्पसंख्य म्हणून मान्यता हवी असेल, तर तीही राज्य सरकारच देते. तेथे दाद लागली नाही, तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे लेखी जावे. खासदाराने संसदेत प्रश्न विचारावा. आणि तेथेही काही झाले नाही, तर कलम २२६ अन्वये उच्च न्यायालय आहे. ही पायरी सोडून ती पायरी चढू पाहणारा बहुधा जिन्यातच अडकतो.

मात्र या साऱ्या अर्जांना एक जोडपत्र लागते, आणि ते कोणतेच सरकार देत नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक माप ठरवून दिले. संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असतील, तर त्यांच्यासाठी प्राथमिक टप्प्यावर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. मुलाची मातृभाषा कोणती, हे आईवडील सांगतील ते ग्राह्य धरावे. पुढे १९५६ साली केंद्राने तयार केलेल्या टिपणातही असे सुचवले, की एखाद्या भागात त्या भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. हे संकेत कायद्याइतके कणखर नाहीत, आणि 'प्रयत्न करील' या घटनेतील शब्दांतही राज्याला पळवाट सापडते, हे मान्य करावयास हवे. तरीही हाती दहा मुलांची यादी घेऊन येणाऱ्या पालकांना परत पाठवणे आणि एकटेच हात हलवीत येणाऱ्या पुढाऱ्याला परत पाठवणे, यांत अधिकाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर असते.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकासंबंधीच्या खटल्यात निकाल दिला, की मुलाने कोणत्या माध्यमात शिकावे हे पालक ठरवतील. राज्याला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. त्यामुळे बेळगावच्या मराठी मुलावर कन्नड माध्यम लादता येत नाही. आणि त्याच निर्णयाच्या बळावर मराठी घरातील मुलाला इंग्रजी माध्यमात घालणेही पूर्णपणे पालकाच्या मर्जीचे ठरते. निवड आता आपल्या हाती आली आहे. मुलाच्या उद्याच्या पोटापाण्याची चिंता खोटी नाही. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु इंग्रजी उत्तम शिकवणे आणि मराठीचा वर्ग भरता ठेवणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे मात्र मला तीस वर्षांच्या अध्यापनात कधी दिसले नाही.

दिल्लीला सीमा आखता येतात, राज्याला शाळा चालवता येते, नगरपालिकेला खोली बांधता येते, न्यायालयाला हक्क राखता येतो. पण प्रवेश अर्जावर एक चौकोन असतो, 'मातृभाषा' या शब्दापुढचा. तो आईवडिलांनीच भरावयाचा असतो. येत्या जूनमध्ये आपल्या गावातील किती मराठी घरे त्या चौकोनात 'मराठी' असे लिहितात, ते गावच्या मराठी मंडळाने एकदा मोजून पाहावे. तो आकडा वर्गात दहापर्यंत गेला, की पुढचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, ते आता आपणास ठाऊक आहे.